मेजावरचा खेळ आणि मुलांचें शिक्षण

खेळांचा इतिहास लिहिणें हें विद्वानांस शोभणारें काम नव्हे, अशी समजूत आपल्याकडे अद्यापि पुरती गेलेली नाहीं. लढाया, तह, सनदा आणि वंशावळी यांच्या पंक्तीला चेंडूफळी आणून बसविली, तर बाकीचे पाहुणे उठून जातील कीं काय अशी भीति लेखकास वाटते. त्यांतून तो खेळ टेबल-टेनिसचा असला म्हणजे विचारावयासच नको. क्रिकेटला निदान मैदान आहे, मल्लखांबाला परंपरा आहे. आणि हा बिचारा चार भिंतींच्या आंतला, वीतभर जाळ्याचा, फुंकरीनें उडणाऱ्या चेंडूचा खेळ!

तरीपण गेल्या दोन वर्षांत ओळखीच्या चार-सहा पालकांनीं आम्हांस एकच प्रश्न विचारला. मुलास हा खेळ शिकविल्यानें त्याचा फायदा काय? ‘फायदा’ या शब्दाचा त्यांच्या मनांतील अर्थ आम्हांस ठाऊक होता. तो गुणपत्रिकेच्या शेवटच्या रकान्यांत मावणारा होता. आम्ही वैद्य नव्हों, क्रीडाशिक्षकही नव्हों. इतिहासाचे अध्यापक आहों. तेव्हां आम्हांस जें उत्तर देतां येण्यासारखें आहे, तें इतिहासाच्याच वाटेनें. निरनिराळ्या देशांतील वडील माणसांनीं हा खेळ मुलांच्या हातीं कसा दिला, किंवा कसा दिला नाहीं, आणि त्यापासून काय निष्पन्न झालें, एवढें पाहावयाचें.

हा खेळ मुलांसाठीं जन्मास आला नाहीं, हें प्रथमच सांगितलेलें बरें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांतील सुखवस्तु लोकांस हिंवाळ्याच्या संध्याकाळीं बाहेरचें टेनिस खेळतां येईना, म्हणून जेवण आटोपल्यावर त्याच मेजावर तें खेळण्याची टूम निघाली. ओळीनें उभीं केलेलीं पुस्तकें हेंच जाळें, सिगारच्या पेटीचें झांकण हीच फळी आणि बाटलीचें बूच हाच चेंडू, असें जें सांगतात त्यांत दंतकथेचा भाग पुष्कळ असावा. सन १८९० मध्यें डेव्हिड फॉस्टर नांवाच्या इंग्रज गृहस्थानें अशा खेळाचें पेटंट घेतलें, ही मात्र कागदोपत्रीं नोंदलेली गोष्ट आहे. पुढें दहा वर्षांनीं सेल्युलॉइडचा पोकळ चेंडू आला आणि खेळाचें दैव उघडलें. त्या काळच्या फळ्यांवर चर्मपत्र ताणून बसविलेलें असे. चेंडू एकीकडे ‘पिंग’ वाजे आणि दुसरीकडे ‘पाँग’. या आवाजावरून पडलेलें नांव सन १९०० मध्यें एका व्यापारी पेढीनें आपल्या मालकीचें म्हणून नोंदवूनही टाकलें. ‘गॉसिमा’, ‘व्हिफ-व्हॅफ’ अशींही नांवें त्या वेळीं चालत. तीं काळाच्या पोटांत गेलीं, यांत मराठी जिभेचें कल्याणच झालें.

१९०१ व १९०२ या दोन वर्षांत इंग्लंडास या खेळाचें अक्षरशः वेड लागलें, आणि वेडाची जी गति व्हावयाची तीच याची झाली. दोन-तीन वर्षांत फळ्या व जाळीं अडगळीच्या खोलींत जाऊन पडलीं. पाहुण्यांच्या करमणुकीचा तो विषय होता, आणि पाहुण्यांस दुसरी करमणूक सांपडली. मुलांनीं तो कधीं आपला म्हटलाच नव्हता. कारण जेवणाच्या मेजाभोंवतीं रात्रीं जागण्याची त्या घरांतल्या मुलांस मुभाच नव्हती.

तथापि अडगळींत पडलेल्या त्या खेळांत मुलांच्या दृष्टीनें दोन अपूर्व गुण नकळत येऊन बसले होते. एक जागेचा. नऊ फूट लांब व पांच फूट रुंद मेज आणि त्याभोंवतीं हातपाय हलविण्यापुरती मोकळीक, एवढ्यावर याचें भागतें. दुसरा गुण वजनाचा. आजचा चेंडू अवघा २.७ ग्रॅम वजनाचा असतो, आणि इतक्या हलक्या वस्तूपुढें दांडगाईचें कांहीं एक चालत नाहीं. दहा वर्षांची चपळ मुलगी तीस वर्षांच्या काकास रडकुंडीस आणूं शकते, असें दुसऱ्या फारच थोड्या खेळांत घडतें. ज्या घरांत मुलास दिवसभर मोठ्यांचें ऐकावेंच लागतें, त्या घरांत वडिलांशीं बरोबरीच्या नात्यानें उभें राहण्याची अर्धा तास मिळालेली संधि ही कांहीं लहान गोष्ट नव्हे.

खेळाचें पुनरुज्जीवन झालें तें १९२० नंतर, आणि तें मुख्यत्वें एका तरुणाच्या हट्टामुळें. आयव्हर माँटेग्यू हा उमराव घराण्यांतला, केंब्रिजला शिकलेला, मतांनीं साम्यवादी आणि व्यवसायानें चित्रपटांचा कर्ता. सन १९२६ मध्यें आंतरराष्ट्रीय टेबल-टेनिस संघ स्थापन झाला तेव्हां तो अवघा बावीस वर्षांचा होता. त्या संघाचें अध्यक्षपद त्यानें १९६७ पर्यंत संभाळलें. सांघिक विजेत्यांसाठीं चषक दिला त्याच्या मातुश्रींनीं. त्याच वर्षीं डिसेंबरांत लंडनला जें पहिलें जागतिक अजिंक्यपद झालें, त्यांतील नऊ देशांत हिंदुस्थानचें नांव आहे. ज्या काळीं आपणांस स्वतःचें राज्य नव्हतें, त्या काळीं एका मेजाच्या कडेला कां होईना, इंग्लंडाच्या बरोबरीनें आपलें नांव होतें.

खेळ केवळ पट्टीच्या खेळाडूंच्या हातीं राहिला म्हणजे काय होतें, याचा एक मासला सन १९३६ च्या प्राग येथील स्पर्धेंत पाहावयास मिळाला. पोलंडचा एर्लिख आणि रुमानियाचा पानेथ यांनीं एकमेकांकडे चेंडू परतविण्यास सुरुवात केली, ती पहिल्याच गुणासाठीं दोन तासांवर चालली! कोणीही धोका पत्करीना. पुढें जाळें खालीं आणावें लागलें आणि वेळेचें बंधन घालावें लागलें. दोन मुलें त्या जागीं असतीं, तर पांच मिनिटांत एकानें चेंडू जोरानें हाणून निकाल लावून टाकला असता.

आतां मुंबईकडे येऊं. कारण या इतिहासांतील एक महत्त्वाचें पान तेथें उलटलें गेलें. १ ते १० फेब्रुवारी १९५२ या दिवसांत जागतिक अजिंक्यपदाचे सामने मुंबईस झाले. आशिया खंडांत ते भरण्याची ती पहिलीच वेळ. जपानचे खेळाडूही या सामन्यांत प्रथमच उतरले होते, आणि त्यांच्यांत हिरोजी सातो नांवाचा चष्मा लावणारा एक शांत तरुण होता. त्याच्या फळीवर नेहमींच्या खडबडीत रबराऐवजीं जाड स्पंज बसविलेला होता. चेंडू त्या स्पंजावर येई आणि आवाज न करितां परत जाई. युरोपचे कसलेले खेळाडू गोंधळून गेले. आपण इतकीं वर्षें डोळ्यांनीं खेळत आहों असें त्यांस वाटत होतें. पण प्रतिपक्षाच्या फळीचा आवाज ऐकून चेंडूचा वेग व वळण यांचा अंदाज आपला कान बांधीत होता, हें त्या आवाजाचा लोप झाल्यावर त्यांस कळलें. अंतिम सामन्यांत हंगेरीच्या कोत्सियानला हरवून सातो विजयी झाला. पुढें वादविवाद माजले, आणि १९५९ मध्यें फळीवर काय व किती जाडीचें असावें याचे नियम झाले.

मुलांस या खेळापासून मिळणारी मुख्य गोष्ट कोणती, याचें उत्तर आम्हांस मुंबईच्या या सामन्यांत सांपडतें. हा खेळ बळाचा नसून वाचनाचा आहे. प्रतिपक्षाचें मनगट कसें वळलें, फळी चेंडूच्या खालून निसटली कीं वरून घांसली गेली, हें पाहून पुढें काय येणार हें ओळखावयाचें असतें. वरून घांसलेला चेंडू हवेंत लवकर खालीं वांकतो आणि मेजावर टप्पा पडतांच पुढें झेंप घेतो. खालून कापलेला चेंडू तरंगत येतो, टप्प्यावर अडखळतो, आणि त्यास साधी फळी लावली तर तो मुकाट्यानें जाळ्यांत जातो. नवशिक्या मुलास प्रथम हा अन्याय वाटतो. ‘मीं तर कालच्यासारखेंच मारलें!’ असें तें म्हणतें. तें खरेंही असतें. पण काल समोरच्यानें वेगळें मारलें होतें. आपल्या कृतीचें फळ दुसऱ्याच्या कृतीवर अवलंबून असतें, आणि म्हणून स्वतःच्या हाताकडे पाहण्यापूर्वीं दुसऱ्याच्या हाताकडे पाहावें, हा बोध आम्हांस इतिहास शिकवितांना मोठ्या मुलांच्या गळीं उतरविण्यास वर्ष वर्ष लागतें. मेजाजवळ तो आठ वर्षांच्या मुलास महिन्याभरांत होतो, आणि त्यास कोणी व्याख्यान द्यावें लागत नाहीं.

दुसरी गोष्ट हरण्याची. पूर्वीं एक डाव एकवीस गुणांचा असे. २००१ पासून तो अकरांचा झाला. अकरा गुणांचा डाव म्हणजे पांच-सात मिनिटांचा मामला. तेवढ्यांत मूल हरतें, तोंड पाडतें, मेजाची दुसरी बाजू धरतें आणि पुनः शून्यापासून आरंभ करतें. एका संध्याकाळीं असें सहा-सात वेळां घडतें. वर्षांतून एकदां येणाऱ्या परीक्षेंत जें अपयश डोंगराएवढें होऊन बसतें, तें येथें पैशा-अधेल्याच्या मोडीनें अंगवळणीं पडतें.

आणखी एक रीत सांगून पुढें जाऊं. चेंडू मेजाच्या अगदीं कडेला चाटून गेला, तर तो परतविणें बहुधा अशक्य होतें. मारणारास गुण मिळतो, पण तो नशिबाचा. अशा वेळीं गुण मिळविणारानें हात किंचित् वर करून दिलगिरी दर्शवावयाची असते. उलटपक्षीं, चेंडू कडेला लागला कीं नाहीं हें पुष्कळदां जवळच्या एकट्यासच दिसतें, आणि पंच नसला म्हणजे त्यानें तें आपण होऊन कबूल करावयाचें असतें. लहान मुलें या बाबतींत प्रथम भांडतात, मग शपथा घेतात, आणि शेवटीं कंटाळून खरें बोलूं लागतात. नीतिपाठाच्या पुस्तकांचा अनुभव यापेक्षां समाधानकारक असल्याचें आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

हा खेळ मुलांच्या हातीं मुक्तपणें दिला तो चीन देशानें. आणि त्या देण्याच्या दोन्ही बाजू तेथेंच पाहावयास मिळतात. एडगर स्नो हा अमेरिकन वृत्तलेखक सन १९३६ मध्यें वायव्य चीनच्या डोंगराळ मुलुखांत साम्यवादी सैन्याच्या छावण्यांत जाऊन राहिला होता. सैनिकांच्या क्लबांत मधोमध पिंग-पाँगचें मेज असे आणि जेवणाच्या वेळीं त्याच्यावरच पानें मांडलीं जात, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. इंग्लंडांत जेवणाच्या मेजावर खेळ आला, आणि चीनच्या दरिद्री छावणींत खेळाच्या मेजावर जेवण आलें! १९४९ च्या राज्यक्रांतीनंतर हा खेळ तेथें शाळाशाळांतून पसरला. लांकडाचें मेज परवडेना तेथें अंगणांत सिमेंटचे ओटे बांधले, जाळें मिळेना तेथें विटांची ओळ मांडली. ऊन, पाऊस, धूळ यांची पर्वा त्या ओट्यांस नव्हती, आणि त्यांना कुलूपही घालतां येत नव्हतें.

१९५९ मध्यें डॉर्टमुंड येथें रोंग ग्वोतुआन यानें एकेरीचें अजिंक्यपद मिळविलें. कोणत्याही खेळांत चीनचा तो पहिला जगज्जेता. १९६१, १९६३ व १९६५ अशीं तीन अजिंक्यपदें ओळीनें मिळविणारा च्वांग त्सतुंग हा पेकिंगच्या बालप्रासादांत, म्हणजे शाळा सुटल्यावर मुलांनीं जमावयाच्या सार्वजनिक वास्तूंत, तयार झालेला. १९७१ मध्यें जपानांत नागोया येथें ग्लेन काउअन हा अमेरिकन तरुण खेळाडू चुकून चिनी संघाच्या मोटारींत चढला, आणि कांहीं वेळ कोणीच त्याच्याशीं बोलेना. वीस-बावीस वर्षें दोन्ही देशांत बोलणेंचालणें नव्हतें. बोलण्यांत धोका होता. मागच्या बांकावरून उठून पुढें गेला तो च्वांग. आणि रेशमी कापडावर विणलेलें एका पर्वताचें चित्र त्यानें त्या पाहुण्यास भेट दिलें. त्याच एप्रिलांत अमेरिकन संघ चीनमध्यें गेला, आणि पुढच्या वर्षीं फेब्रुवारींत खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन तेथें गेले. मुत्सद्द्यांनीं पडद्याआड बरीच तयारी चालविली होती हें खरें. तरी समोरच्या माणसाचा चेहरा वाचून पहिला चेंडू टाकण्याचें धैर्य ज्यानें दाखविलें, त्याच्या अंगीं तें बालपणापासून मुरलेलें असावें, असें म्हणण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं.

पण दुसरी बाजू लपवून कसें चालेल? ज्या रोंगनें देशास पहिलें जगज्जेतेपद मिळवून दिलें, त्यानें सांस्कृतिक क्रांतीच्या छळास कंटाळून जून १९६८ मध्यें आत्महत्या केली. त्याच्या पूर्वीं दोन महिन्यांत फू चिफांग व च्यांग युंगनिंग हे त्याचे दोन सहकारी त्याच मार्गानें गेले होते. तिघेही हाँगकाँगहून स्वखुशीनें मायदेशीं आलेले. तोच त्यांचा अपराध ठरला. हा दोष राजकारणाचा, खेळाचा नव्हे, असें कोणी म्हणेल. बरें, मग खेळाचाच दोष सांगतों. पांच-सहा वर्षांचीं मुलें निवडून त्यांस क्रीडाशाळांत घालावयाचें, दिवसाचे कित्येक तास तोच एक फटका घोटून घ्यावयाचा, आणि हजारांतून एखादें शिखरावर पोंचलें म्हणजे बाकीच्यांचा हिशेब विचारावयाचा नाहीं, हीही त्याच देशाची पद्धति. अंगणांतील सिमेंटचा ओटा आणि ही क्रीडाशाळा यांत आम्हांस जमीनअस्मानाचें अंतर दिसतें. पहिल्या ठिकाणीं खेळ मुलासाठीं असतो. दुसऱ्या ठिकाणीं मूल खेळासाठीं असतें, आणि खेळ राष्ट्राच्या फुशारकीसाठीं. आपल्याकडील जे पालक मुलाच्या हातीं फळी देतांच त्याच्या पदकांसाठीं भिंतीवर खिळे ठोकूं लागतात, त्यांनीं या दुसऱ्या चित्राकडे जरा अधिक वेळ पाहावें.

शास्त्रज्ञांची साक्ष हवी असेल तर तीही थोडी देतां येईल. ज्या मुलांच्या हातापायांच्या हालचालींत मेळ नसतो, अशा कांहीं मुलांस तैवानांत दहा आठवडे हा खेळ शिकविण्यांत आला. त्या प्रयोगाचा वृत्तांत २००९ मध्यें प्रसिद्ध झाला. २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या तेथीलच दुसऱ्या प्रयोगांत, ज्यांचें चित्त क्षणभर ठरत नाहीं अशा सहा ते बारा वर्षांच्या मुलांस बारा आठवडे शिकविलें. दोन्ही ठिकाणीं हालचालींत सफाई आलीच. पण मनांत उसळलेली ऊर्मि क्षणभर आवरून धरण्याची शक्तीही वाढलेली आढळली. मुलांची संख्या थोडी होती, तेव्हां एवढ्यावरून ढोल पिटणें बरें नव्हे. तसेंच, हा खेळ मैदानाची जागा घेईल असेंही कोणी समजूं नये. पूर्व आशियांत मुलांची दृष्टि अधू होण्याचें प्रमाण फार वाढलें आहे, आणि उघड्या प्रकाशांत घालविलेला वेळ त्यावर उपकारक ठरतो असें संशोधनांत दिसून आलें आहे. तो प्रकाश बंद खोलींत मिळावयाचा नाहीं. या एका बाबतींतही चिनी शाळांचा अंगणांतला ओटाच शहाणा म्हणावयाचा.

आपल्या देशांत काय झालें? मुंबईनंतर १९७५ सालीं कलकत्त्यास आणि १९८७ सालीं दिल्लीस जागतिक सामने झाले. म्हणजे मोठ्या समारंभांची उणीव आपणांस पडली नाहीं. पण मेज राहिलें बहुतांशीं जिमखान्यांत, सभासदांच्या वर्गणीमागें आणि कुलुपामागें. जेथें तें गल्लींतल्या मुलांपर्यंत पोंचलें तेथें फळही दिसलें. २०२३ मध्यें हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत सुतीर्था मुखर्जी व ऐहिका मुखर्जी या जोडीनें चीनच्या भूमीवर चीनच्याच जगज्जेत्या जोडीस हरविलें आणि कांस्यपदक मिळविलें. आडनांव एक असलें तरी या बहिणी नव्हेत. दोघी नैहाटीच्या, म्हणजे कलकत्त्याच्या वरच्या अंगास हुगळीकांठीं असलेल्या एका गिरणीगांवच्या. मुलींस मैदानावर पाठविण्यास जीं घरें अजून कांकूं करतात, त्यांच्या दारांतूनही हें मेज आंत जाऊं शकतें, हें आम्ही मुद्दाम नमूद करतों.

आतां थोडें स्वतःविषयीं. कारण दुसऱ्यांचीं उणीं काढून आपण नामानिराळें राहणें हें इतिहासकारास शोभत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेच्या सल्लागार मंडळावर आमचें नांव होतें. शाळेंत जिन्याशेजारच्या खोलींत दोन जुनीं मेजें होतीं, आणि मधल्या सुटींत तेथें रांग लागे. एका सभेंत सूचना आली कीं, ही खोली प्रवेशपरीक्षांच्या जादा वर्गासाठीं घ्यावी. एका सभासदानें विचारलें, ‘या खेळानें मुलांचे गुण किती वाढतात?’ त्याच महिन्यांत एका व्याख्यानमालेंत क्रीडेच्या महत्त्वावर आम्ही तासभर बोललों होतों आणि टाळ्याही घेतल्या होत्या. त्या सभेंत आम्ही चहा घेतला आणि गप्प बसलों. ठराव एकमतानें मंजूर झाला, अशी नोंद आहे. त्या एकमतांत आमचेंही मत आहे.

एक मेज कोणास तरी देऊन टाकलें. दुसरें जिन्याखालीं ठेविलें, आणि त्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवण्याची सोय झाली. पुढच्या पावसाळ्यांत कांहीं कामानिमित्त आम्ही तेथें गेलों, तेव्हां मधली सुटी चालू होती. दोन मुलींनीं गठ्ठे भिंतीकडे सारले होते, जेवणाचे डबे ओळीनें मांडून जाळें केलें होतें, आणि वह्यांच्या पुठ्ठ्यांनीं त्या खेळत होत्या. चेंडू कोठून तरी चिरलेला असावा, कारण त्याचा आवाज बद्द येत होता. धाकटीचा एक फटका मेजाच्या कडेला चाटून खालीं गेला. थोरली म्हणाली, ‘बाहेर.’ धाकटी म्हणाली, ‘कड.’ थोरलीनें खालीं वांकून चेंडू उचलला, क्षणभर मेजाच्या त्या कडेकडे पाहिलें, आणि म्हणाली, ‘हो, कड. आठ-सहा.’ धाकटीनें हात किंचित् वर केला. एवढ्यांत घंटा झाली, आणि त्यांनीं गठ्ठे उचलून पुनः जागच्या जागीं ठेविले.